आजारी मुलाला खेळू द्या

(द्वितीय वर्ष, कला)

"दवाखान्यात काय खेळायला जायचं असतंय व्हय?"

हा प्रश्न माझ्या वडिलांचा. वार्षिकांकासाठी मी कशावर लिहिणार हे घरी सांगितले, तेव्हा वैरणीची पेंढी सोडता सोडता त्यांनी तो विचारला. त्यांना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. वाचकहो, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनातही हाच प्रश्न येणार हे मी जाणून आहे. तेव्हा हा लेख म्हणजे वडिलांना द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे असे समजावे.

आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. वडील चौथीपर्यंत शिकले, आई शाळेत गेली नाही. त्यामुळे घरात कुठलाही कागद आला, मग तो सोसायटीचा असो की रेशनचा, तो माझ्याच हाती येतो. दवाखान्याचा केसपेपरही तसाच माझ्या हाती आला.

२०२४ च्या डिसेंबरात माझा धाकटा भाऊ भाजला. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. सकाळी चुलीवरचा हंडा उतरवताना आईचा हात निसटला आणि अंघोळीचे कढत पाणी त्याच्या उजव्या मांडीवर आणि गुडघ्याखाली सांडले. शेजारच्या काकूंनी धावत येऊन टूथपेस्ट फासली. (ती काढताना दवाखान्यात त्याला किती त्रास झाला हे पाहिल्यापासून मी गावात भेटेल त्याला सांगते, की भाजल्यावर आधी बराच वेळ साधे गार पाणी ओता, दुसरे काही लावू नका.) तालुक्याहून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आम्ही एकोणीस दिवस होतो.

भाजलेल्या जखमेचे ड्रेसिंग एक दिवसाआड असे. ज्यांनी ते पाहिले नाही त्यांना सांगते: जुनी जाळीची पट्टी जखमेला चिकटलेली असते. ती सलाईनच्या पाण्याने भिजवून हळूहळू सोडवावी लागते. मग जखम साफ करायची, मलम लावायचे, नवी पट्टी बांधायची. अर्ध्या तासाचे काम. मोठ्या माणसालाही तोंडात पदर कोंबावा लागेल असे.

पहिल्या दिवशी सिस्टरांनी त्याला बोलावले तेव्हा तो म्हणाला, "आक्का, कुठं न्यायलाल्यात मला?" मी म्हणाले, "कुठं न्हाई, खाली जाऊन खाऊ आणू." त्याने माझ्या गळ्याला मिठी मारली आणि मी त्याला ड्रेसिंगच्या खोलीत घेऊन गेले. तिथे वॉर्डातल्या मामांनी पाय धरले, आईने डोके धरले, आणि हात मी धरले. तो ओरडत होता, "आक्का, सोड गं!" मी सोडले नाही. सोडून चालणारच नव्हते, हे मला कळते. पण खाऊचे खोटे मी का बोलले, हा प्रश्न मला अजून रात्री आठवतो.

त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. सगळे म्हणाले, पोरगा शहाणा झाला, आता त्रास देत नाही. मलाही तसेच वाटले, हे कबूल केले पाहिजे.

तिसऱ्या दिवशी आजी आली. भाकरीच्या फडक्यासोबत तिने त्याचा बेंदराचा मातीचा बैल आणला होता. एक शिंग मोडलेला, पाठीवरचा रंग उडालेला. दुपारी जरा डोळा लागून मी उठले, तो काय पाहते! भावाने आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बैलाच्या मागच्या पायाला गुंडाळली होती. शेजारच्या खाटेवरची हात भाजलेली आठ वर्षांची मुलगी जवळ आली होती. तिला हा हुकूम सोडत होता, "धर गं त्याचं डोकं! हलू दिऊ नगंस!" आणि मग बैलाला, "रडायचं न्हाई. कायबी करत न्हाई. खाऊ आणाय जायाचंय." चिंधी ओढायची, बैल हंबरायचा, पुन्हा गुंडाळायची, पुन्हा ओढायची. निदान दहा वेळा तरी हे चालले असेल. माझेच शब्द, माझ्याच आवाजात, मी ऐकत होते. वॉर्डातल्या मावशी ओरडल्या, "अरे, हे काय दवाखान्यात बैल-बिल घेऊन बसलाय!" मी शरमेने बैल उचलायला गेले.

तेवढ्यात दुपारपाळीच्या सिस्टर खाटेशी थांबल्या. त्यांनी विचारले, "काय झालंय रे तुझ्या बैलाला?" तो म्हणाला, "भाजलाय." त्या म्हणाल्या, "दुखतं का त्याला?" दोन दिवस न बोललेला मुलगा म्हणाला, "पट्टी काढताना लई दुखतंय. मग बांधल्यावर कमी हुतंय."

सिस्टरांनी बैल मात्र तसा राहू दिला नाही. भाजलेल्या मुलांना जंतूंची भीती मोठी, आणि मातीचा बैल धुवायचा कसा? त्यांनी तो एका स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर गाठ मारली. नव्या पट्टीचा तुकडा आणि बिनसुईची एक कोरी सिरिंज आणून दिली. पुढच्या ड्रेसिंगला सकाळपाळीवर त्याच होत्या. त्यांनी आधी बैलाचे ड्रेसिंग भावाकडून करून घेतले: आधी पाणी, मग पट्टी, मग मलम, मग नवी पट्टी. मग म्हणाल्या, "आता तुझं. वरची पट्टी तूच सोड. दुखलं की हात वर कर, मी थांबेन." त्याने दोनदा हात वर केला आणि त्या दोन्ही वेळा खरोखरच थांबल्या.

तो रडला नाही असे मी लिहिले तर ते खोटे होईल. तो रडला. पण त्याला कुणी धरावे लागले नाही. मामा दारातच उभे राहिले. माझ्या हातात त्याचा हात होता, पण या वेळी तो त्याने आपणहून दिला होता.

पुढे हे सर्व मी आमच्या मानसशास्त्राच्या सरांना सांगितले. सर म्हणाले, "तुझ्या भावाने जे केले त्यावर जगात पुष्कळ काम झाले आहे, वाच." आणि त्यांनी मला जेम्स रॉबर्टसन हे नाव सांगितले. आपल्या क्रमिक पुस्तकात ते नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या अनेक दवाखान्यांत आजारी मुलाला भेटायला आईबापांना आठवड्यातून मोजक्या वेळाच येऊ देत. कारण असे सांगत, की आई आली की मूल रडते, गेली की अधिकच रडते. न आली तर दोन-चार दिवसांत 'रुळते'. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या रॉबर्टसन यांना हे 'रुळणे' खरे वाटेना. त्यांनी एक कॅमेरा घेतला आणि आठ दिवसांसाठी दवाखान्यात राहिलेल्या लॉरा नावाच्या दोन वर्षांच्या मुलीचे रोज चित्रण केले. १९५२ साली तो चित्रपट डॉक्टरांना दाखवला तेव्हा अनेकजण संतापले. पण त्या मुलीचा चेहरा काही खोटा म्हणता येईना. ती मोठ्याने रडत नव्हती. हळूहळू मिटत चालली होती. रॉबर्टसन यांचे म्हणणे असे, की मूल आधी आक्रोश करते, मग हताश होते आणि शेवटी अलिप्त होते. या शेवटच्या अवस्थेलाच आपण शहाणपणा म्हणतो.

हे वाचताना मला भिंतीकडे तोंड करून पडलेला माझा भाऊ दिसला.

पुढे १९५९ साली इंग्लंडमध्ये प्लॅट समितीचा अहवाल आला आणि मुलांना भेटण्यावरची बंधने उठवावीत, आईला शक्य तेथे सोबत राहू द्यावे, अशी शिफारस त्याने केली. येथे एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. जे इंग्लंडला अहवाल लिहून मिळवावे लागले, ते आमच्या वॉर्डात कुणी न मागता चालू होते. प्रत्येक खाटेखाली एक चटई होती आणि चटईवर एक आई. किंबहुना आईवाचून आमचे सरकारी दवाखाने एक दिवस चालणार नाहीत. औषध आणणे, पाणी देणे, नळी पाहणे, सगळे तीच करते. मग आमच्या मुलांना भीती का वाटावी?

मला वाटते, आई जवळ असणे पुरेसे होत नाही, कारण आईलाही पुढे काय होणार हे ठाऊक नसते. माझी आई त्या खोलीत भावाइतकीच घाबरली होती. मुलाला जे छळते ते नुसते दुखणे नव्हे. कधी दुखणार, किती दुखणार आणि कधी थांबणार हे न कळणे त्याला अधिक छळते. मोठ्या माणसाला हे शब्दांत सांगता येते. सहा वर्षांच्या मुलाला तुम्ही कितीही समजावले तरी ते त्याच्या कानावरून जाते. पण तेच त्याला बैलावर करून पाहू द्या. त्यातला क्रम त्याच्या हातात बसतो. ज्याच्यावर सगळे करतात तो स्वतः करणारा होतो. भातुकलीत मुलगी नेहमी आईच का होते, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. आई रागावते तेव्हा तिला उलट बोलता येत नाही. भातुकलीत ती बाहुलीला रागावू शकते. कुणी शिकवत नाही, तरी घरोघरी हे चालते. माझ्या भावाला त्याचे औषध ठाऊक होते. आम्ही ते काढून घ्यायला निघालो होतो.

अमेरिकेत क्लीव्हलंडच्या सिटी हॉस्पिटलमध्ये १९५५ साली एमा प्लँक या बाईंनी मुलांच्या वॉर्डात खेळ आणि शिक्षण यांचा रीतसर विभाग सुरू केला. त्यांना बोलावणारे डॉक्टर होते फ्रेडरिक रॉबिन्स. पोलिओच्या विषाणूवरील संशोधनासाठी ज्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते तेच हे. एवढा मोठा शास्त्रज्ञ वॉर्डात खेळणाऱ्या बाई हव्यात म्हणतो, याचे मला नवल वाटले. १९६२ साली प्लँकबाईंनी या कामावर पुस्तक लिहिले. आज तिकडे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यासाठी शिक्षण आणि परीक्षा आहेत.

या प्लँकबाई मूळच्या व्हिएन्नाच्या आणि माँटेसोरी पद्धतीत तयार झालेल्या. येथे आपल्याला आपल्याच एका माणसाची आठवण व्हावी. ताराबाई मोडक यांनीही माँटेसोरींचा विचार घेतला. पण महागडी साधने आपल्या खेड्यांना परवडायची नाहीत हे ओळखून १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शंखशिंपले, खडे, बिया, पाने यांतून बालवाडी उभी केली. मुले शाळेत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची युक्ती. अंगणात गेलेली ही बालवाडी दवाखान्याच्या खाटेपर्यंत का गेली नाही, हे मला कळत नाही. आजारी मूल शाळेत जाऊ शकत नाही, अंगणातही नाही. मग तिथे तर ती आधी जायला हवी होती.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला माझ्या वडिलांचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे: आधी औषध द्या, खाट द्या, मग खेळण्यांचे बघू. आमच्या वॉर्डात दोन मुलांना एक खाट असे. रात्री एका सिस्टरांवर सगळा वॉर्ड. अशा ठिकाणी खेळाची गोष्ट काढणे म्हणजे उपाशी माणसाला अत्तर लावण्यासारखे नाही काय? मी बरेच दिवस या प्रश्नाशी अडले होते. पण मग मी ड्रेसिंगच्या खोलीतली माणसे मोजली. पहिल्या दिवशी एका मुलाला धरायला तिघे आणि काम करायला एक. चौथ्या वेळी सिस्टर, मुलगा आणि मी. ज्यांच्याकडे माणसे कमी, त्यांनाच खेळाची गरज जास्त आहे. आणि भीती दवाखान्याच्या दारात संपत नाही. माझे वडील लहानपणी शाळेत टोचणारे आले की जोंधळ्याच्या रानात लपायचे. हे ते हसत सांगतात. पण गेल्या वर्षी दाढ सुजून तोंड उघडेना, तरी ते दहा दिवस लवंग धरून बसले आणि दवाखान्यात आले नाहीत. हे हसण्यासारखे आहे का?

दुसरा आक्षेप तरुण मित्रांचा: हल्ली मोबाईल आहे, दिला की झाले. मोबाईल अगदीच निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. सुई टोचताना मुलाचे लक्ष दुसरीकडे वेधले तर त्याला कमी दुखते, असे अनेक चाचण्या एकत्र तपासून कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली सांगितले आहे. तेव्हा सुईच्या क्षणी गाणे लावा, चित्र दाखवा, फुंकर मारून भिरभिरे फिरवायला सांगा. फुंकर घालताना श्वास लांबतो आणि अंग सैल पडते. पण एकोणीस दिवस मोबाईल हातात देणे म्हणजे मुलाला भिंतीऐवजी पडद्याकडे तोंड करून झोपवणे. गप्प बसलेले मूल पाहून आपलीच सोय होते. त्याच्या मनात काय चालले आहे हे मोबाईल विचारत नाही. सिस्टरांनी बैलाबद्दल विचारले होते.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, आमचाच दोष आहे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला वॉर्डात फळे आणि फुगे वाटले जातात. प्रथम वर्षाला असताना, भाऊ भाजण्यापूर्वी, राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आम्हीही एकदा असे फळवाटप केले होते. त्या छायाचित्रात दुसऱ्या रांगेत मी आहे. सलाईन लावलेल्या मुलाच्या हातात मी केळे देते आहे, तो कॅमेऱ्याकडे बघून दचकला आहे आणि मी हसते आहे. वीस मिनिटांत आम्ही परत गाडीत होतो. मुलांना अनोळखी माणसांचा आणखी एक घोळका तेवढा पाहायला मिळाला. याला मी खेळ म्हणत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांची संहिता केली. तिच्या ३१ व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क सांगितला आहे, आणि १९९२ साली भारताने ती संहिता मान्य केली. आजारी पडल्यावर हा हक्क थांबतो, असे त्यात लिहिलेले नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की जिल्ह्याच्या प्रत्येक दवाखान्यात मुलांच्या वॉर्डासाठी बालवाडीचे शिक्षण घेतलेली एक ताई नेमावी. तिला पद असावे, पगार असावा. सिस्टरांवर हे काम आणखी लादू नये. त्या दिवशीच्या सिस्टरांनी केले ते त्यांच्या चांगुलपणाने. वॉर्ड चांगुलपणाच्या भरवशावर चालू नये.

ते पद मंजूर होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करू शकतो? मी प्राचार्यांकडे एक अर्ज दिला आहे. दररोज दुपारी दोन ते चार, डॉक्टरांची राउंड आणि ड्रेसिंगे आटोपलेली असतात तेव्हा, आपल्यापैकी दोघांनी वॉर्डात जायचे. तीच दोन माणसे निदान महिनाभर, म्हणजे मुलांना चेहरे ओळखीचे होतील. आपण उपचार करायचे नाहीत, उपदेश करायचा नाही, 'दुखणार नाही' असे खोटे कुणाला सांगायचे नाही. ज्याला सर्दी-खोकला असेल त्याने त्या दिवशी जायचे नाही. मुलांनी खेळ मांडला तर आपण बसून पाहायचे आणि त्यांनी सांगितले तर डोके धरायचे. जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल. ते पत्र सर लिहून देणार आहेत.

खर्चाचे म्हणाल, तर अरविंद गुप्ता यांनी जुनी वर्तमानपत्रे, आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि रिकाम्या बाटल्यांतून शेकडो खेळणी करून दाखवली आहेत. वॉर्डासाठी एकच पथ्य: जे धुता येते ते न्यायचे, कागदाचे असेल ते ज्या मुलाला दिले त्याच्याकडेच राहू द्यायचे. केसाळ कापडी अस्वले घरीच ठेवावीत.

पहिल्या दिवशीची यादी मी केली आहे. धुता येणाऱ्या चार प्लॅस्टिकच्या बाहुल्या, दोन बैल, पट्टीचे एक बंडल, सहा बिनसुईच्या कोऱ्या सिरिंजा, रंगीत खडू, भिरभिऱ्यांसाठी कागद, साबण आणि एक बादली. चौदा नावे हवीत. आजवर पाच आली आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत वाचनालयाच्या ओट्यावर मला भेटावे.